जन्माचा दाखला काढायला गेलात, तेव्हा काय काय झालं? सातारा-सांगलीकरांनो, सांगा

कृष्णाकाठची
लेकीला सांगलीत मुलगी झाली. नवव्या दिवशी जावयाच्या ईमेलवर नातीचा जन्मदाखला हजर, चौकोनी कोडासकट. तो मोबाइलवर दाखवत होता आणि मला माझे १९९७ सालचे हेलपाटे आठवले.

ह्यांना मस्कतला नोकरी लागली होती, माझ्या व्हिसासाठी जन्मदाखला हवा होता. घर सांगलीत, शाळा सांगलीत, म्हणून सांगलीतच शोधत बसलो. दोनदा 'नोंद नाही' ऐकलं. तिसऱ्यांदा खिडकीतल्या बाईंनीच विचारलं, "तुम्ही पहिल्याच ना? मग आईचं माहेर कुठलं?" तोवर आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आईचं माहेर वाळवा तालुक्यात. मामाला घेऊन एसटीनं गेले. ग्रामपंचायतीत लाल फडक्यात बांधलेली वही निघाली. ग्रामसेवक लाकडी पट्टी एकेका ओळीखाली सरकवत १९७३ चा श्रावण शोधत होते. सापडली! वडिलांचं नाव, आईचं नाव, लिंग स्त्री. बाळाच्या नावाचा रकाना कोरा. आणि माहिती देणाऱ्याच्या जागी जांभळ्या शाईतला अंगठा, शेजारी बारीक अक्षरात आजीचं नाव. आजोबा तेव्हा कारखान्याच्या कामावर लांब होते म्हणे, म्हणून ती स्वतः चालत जाऊन माझी नोंद करून आली होती. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. त्या अंगठ्यावर मी बोट ठेवलं. ग्रामसेवक पट्टी तशीच धरून थांबले, घाई केली नाही.

दाखला बिननावाचाच मिळाला. शाळेचा दाखला जोडून प्रतिज्ञापत्र केलं, मग काम झालं.

तुमचंही लिहा. लांबलं तरी चालेल.

हळदीकुंकू
अगं अभिनंदन! आजी झालीस!! बाळ-बाळंतीण बऱ्या आहेत ना? डिंकाचे लाडू कोण करतंय? माझा अनुभव दुपारी लिहिते, दूध उतू चाललंय.

मिरजकर
माहेरचं अगदी खरं. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते, राहता कुठं ते बघत नाहीत. आमच्या मिरजेत दवाखान्यांमुळं अथणी, जमखंडीकडच्या बायका बाळंतपणाला येतात. पोर कर्नाटकात वाढतं, दाखला मिरजेत. माझा मेव्हणा त्यातलाच. पहाटेची गाडी धरून आला तर दाखल्यावर वडिलांचं नाव इरप्पाचं विरप्पा झालेलं. दवाखान्यातनं कागद आला तिथंच कुणीतरी कानडी नाव मराठीत 'सुधारून' लिहिलं असणार. शाळेचे कागद, वडिलांचं आधार, प्रतिज्ञापत्र, परत दोन खेपा.

आणि एक. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ला झाली. त्याआधीचं साल असेल तर अर्जात मिरज नगरपालिकेच्या काळातली नोंद असं स्पष्ट लिहा. शोधणाऱ्याला सोपं जातं.

एक जून
आमच्या घरात वडील, दोन काका आणि आत्या, चौघांचीही जन्मतारीख १ जून 😀 गुरुजींनी शाळेत घालताना पोराचा हात डोक्यावरनं पलीकडच्या कानाला लावून बघितला, लागला, लिहिली १ जून. वडिलांची खरी तारीख नंतर जन्मनोंदीत सापडली, फेब्रुवारीतली, आणि साल एक वर्ष पुढचं. पण सरकारी नोकरीत लागल्यापासून ५ वर्षांच्या आत अर्ज केला तरच तारीख बदलते. ती मुदत केव्हाच गेलेली. ३१ मे ला निवृत्त झाले. त्यांच्या ऑफिसात त्या दिवशी सात जणांचा निरोप समारंभ होता, हार कमी पडले. वाढदिवस मात्र आम्ही आता फेब्रुवारीत करतो. ते खूश असतात.

विट्याची वहिनी
आमच्याकडं पण १ जूनच! सासूबाई, दीर, सगळे.

पेठभाग
२०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी. सगळ्यांचे दाखले गोदरेजच्या कपाटात, खालच्या खणात. पाणी उतरल्यावर वर्तमानपत्रात एकेक कागद ठेवून पंख्याखाली वाळवला. माझा जुना हाती लिहिलेला दाखला, शाईचा नुसता निळा ढग झालेला. नवीन मिळाला, संगणकाचा, कारण मूळ नोंद कार्यालयात शाबूत होती. लोकांना वाटतं दाखला गेला म्हणजे सगळं गेलं. तसं नसतं, दाखला हा नोंदवहीतला उतारा असतो, कितीही वेळा काढता येतो. लॅमिनेशन मात्र करू नका, परदेशाच्या कामाला कागद साक्षांकित करायचा असला की तो चालत नाही.

वसंतदादानगरी
पेठभाग, तुम्ही कुठल्या गल्लीत? आम्ही टिळक चौकाजवळ होतो तेव्हा. बोटीतनं काढलं आम्हाला.

पेठभाग
अहो म्हणजे जवळच की! फोनवर बोलू.

दक्षिणसातारा
माझ्या वडिलांच्या १९५२ च्या उताऱ्यावर 'जिल्हा दक्षिण सातारा' असं आहे. मुंबईत व्हिसाच्या कामाला असलेला मुलगा म्हणाला, "काका, असा जिल्हाच नाहीये, दुसरा कागद आणा." त्याला तिथंच बसून सांगितलं, १९४९ ला साताऱ्यातनं दक्षिणेकडचे तालुके काढून आणि आसपासची संस्थानं मिळवून दक्षिण सातारा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली केलं. त्याला पटलं, पण साहेबांना पटेना. शेवटी गॅझेटियरच्या पानाची झेरॉक्स जोडली. ज्यांच्या घरात १९४९ ते ६० मधली जन्मलेली माणसं आहेत त्यांनी ते पान आधीच काढून ठेवावं.

जावळीचा
आमचं गाव कोयना धरणात गेलं. वडिलांचा जन्म पाणी भरायच्या आधीचा. गाव नाही, चावडी नाही, पाटलाचं घराणं पुनर्वसनात दुसऱ्या जिल्ह्यात. नोंद मागायची कुणाकडं? एका म्हाताऱ्या कारकुनानं सांगितलं, तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ मागा. जन्म-मृत्यूची जुनी वही, तिला कोतवाल बुक पण म्हणतात. तीन दिवस बसलो. वहीवर गावाचं नाव वळणदार अक्षरात. मोबाइलवर फोटो काढून वडिलांना दाखवला. त्यांना दाखल्याचं काही नव्हतं, ते वहीतली बाकीची नावं वाचत राहिले. हा शेजारचा, हा तालमीतला, हिचं लग्न अमक्या गावी झालं. तास गेला.

माझ्या आत्याला मात्र दाखल्याची गरजच नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटे भूकंप झाला, त्याच दिवशी संध्याकाळी अंगणात, ताडपत्रीखाली जन्मली. आमच्या खोऱ्यात ती तारीख कुणीही सांगेल.

मोडीशिकतेय
जावळीचा, त्या वहीत मोडी होती का? आमच्या पणजोबांची नोंद मोडीत आहे, २०२३ ला कुणबी नोंदी शोधायच्या वेळी सापडली. 'वल्द' (म्हणजे अमक्याचा मुलगा) नंतरचं अक्षर लागत नाहीये. कुणी वाचून देईल का?

जावळीचा
आमची बाळबोधच होती, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी. तुमचा फोटो पाठवा, साताऱ्यात ओळखीचे एक गुरुजी आहेत, बघतील.

विट्याची वहिनी
माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहिते. तालुक्याचं नाव घेत नाही. मुलाच्या शाळेसाठी दाखला. मे महिना, कडेवर धाकटी. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा लाइट नाही, तिसऱ्यांदा "सोमवारी या". बाहेर झाडाखाली बसलेला एकजण म्हणाला, "ताई, पाचशे द्या, संध्याकाळी घरपोच." दिले नाहीत. पण रडले त्या झाडाखाली. पाणी पण नव्हतं हो प्यायला तिथं.

निवृत्त ग्रामसेवक
वहिनी, वाईट वाटलं वाचून. आमच्यातल्या लोकांनी असं वागू नये. इथून पुढं कुणालाही असं झालं तर अर्ज तोंडी देऊ नका. लेखी द्या किंवा ऑनलाइन भरा, आणि पोच घ्या. तारखेची पोच हातात असली की २०१५ च्या सेवा हक्क कायद्याखाली वेळेत न दिल्याचं अपील करता येतं. पोच मागितली की निम्म्या वेळा 'सोमवार' लगेच उगवतो.

बाकीचं घाईत लिहितो, नातवाला आणायला जायचंय. २१ दिवसांत कळवलं तर नोंद मोफत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. ३० दिवस ते वर्षाच्या आत लेखी परवानगी. वर्षानंतर पूर्वी कोर्टाचा आदेश लागायचा, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो अधिकार महसूलकडं गेला. त्यासाठी आधी नोंद नसल्याचा दाखला काढावा लागतो, तोच लोक विसरतात. आणि त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून पुढं जन्मदाखलाच लागणार, शाळेच्या दाखल्यावर भागणार नाही. त्यामुळं आता हयगय नको.

कृष्णाकाठची ताई, त्या आजीच्या अंगठ्याला नमस्कार. असे अंगठे मी शेकडो घेतलेत.

माणदेशी
मी कधी बोलले नाही याबद्दल. माझा जन्म ७२ च्या दुष्काळातला. आई दिवस भरेपर्यंत खडी फोडायच्या कामावर होती. दहा वर्षांपूर्वी दाखला काढायला गेले, ग्रामसेवकांनी वही माझ्याकडं वळवली आणि विचारलं, "यातली कुठली?" एकाच तारखेला दोन ओळी. एक पुरुष, एक स्त्री. आईवडील तेच.

मग त्यांनी मृत्यूची वही काढली. अकराव्या दिवशी.

झेरॉक्स घेऊन घरी आले. आईच्या समोर ठेवली. ती भाकरी थापत होती. बघितली, वाचता येत नाही तिला, पण कळलं. म्हणाली, "त्याचं नाव ठेवायचं राहिलं. बाराव्याला ठेवणार हुतो." पुढची भाकरी थापली.

हळदीकुंकू
काय लिहू. माई, जवळ असते तर येऊन बसले असते तुझ्याशेजारी.

निवृत्त ग्रामसेवक
🙏

एक जून
माणदेशी ताई, आई आहेत ना अजून? त्यांना नमस्कार सांगा.

माणदेशी
आहेत. पंच्याऐंशीच्या पुढं. सांगते.

मिरजकर
कृष्णाकाठची, नातीच्या दाखल्यावर नाव आलंय का? दवाखान्यातनं नोंद गेली की बहुतेक वेळा तो रकाना कोराच असतो.

कृष्णाकाठची
कोराच आहे. आत्ता उघडून बघितला. बारसं रविवारी.

निवृत्त ग्रामसेवक
वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क नाही. नंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण तुम्ही थांबू नका. इंग्रजी स्पेलिंग घरात आधी ठरवा, कागदावर लिहूनच न्या, तोंडी सांगू नका.

कृष्णाकाठची
स्पेलिंगवरनं कालच जावई आणि लेक भांडलेत, 'ई'ला दोन अक्षरं की एक 😀 नाव माझ्या आजीचंच ठेवतोय. सोमवारी पालिका उघडली की मीच जाणार आहे अर्ज घेऊन. सही मी करणार.