थकव्यापेक्षा पोटाकडे लक्ष द्या

हळूहळू वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाची लक्षणं म्हटली की लोक थकव्याबद्दल बरंच लिहितात, 'वय झालं की दमायला होतंच' असंही कुणी म्हणतं. पण थकवा शंभर कारणांनी येतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पोट. सीएमएलचं (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, असाच एक रक्ताचा कर्करोग) निदान होण्याआधी माझी ताई अर्ध्या जेवणावर ताट सरकवायची. भूक असायची, पण चार घास गेले की पोट गच्च. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, त्या कुशीवर झोपवत नसे. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. खरं तर वाढलेली प्लीहा (स्प्लीन) जठरावर दाब देत होती.

रात्रीचा घामही तसाच. उकाड्याचा घाम वेगळा; हा गार खोलीतसुद्धा येतो, उशीचा अभ्रा बदलावा लागतो.

सीएलएलमध्ये (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, याच गटातला दुसरा कर्करोग) मानेत, काखेत न दुखणाऱ्या गाठी येतात, संसर्ग वारंवार होतो. काहींना डास चावल्यावर प्रमाणाबाहेर सूज येते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

आणि कित्येकांना यातलं काहीच होत नाही! दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीबीसीत (रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीत) पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. (प्रौढांत साधारण एका मायक्रोलिटर रक्तात ४,००० ते ११,००० धरतात, साध्या संसर्गानेही आकडा वाढतो, त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरू नका, डॉक्टरांना विचारून पुन्हा तपासा.)

भीतीपोटी तपासणी टाळणाऱ्यांना कळकळीने सांगते, २००१ साली इमॅटिनिब हे औषध आल्यापासून सीएमएलचे बहुतेक रुग्ण गोळ्यांवर वर्षानुवर्षं नीट जगतात. ताईही कामावर जाते.