मदत हवी आहे: घरं, शाळा आणि आता हॉस्पिटल

आमचं चार आर्किटेक्टचं ऑफिस. आजवर घरं आणि शाळा केल्या, आता पहिलंच हॉस्पिटल हातात आलंय. वर्गात उजेड कुठून घ्यायचा, आवाज किती घुमेल, हे अंगवळणी पडलंय. इथे मात्र कॉरिडॉर काढतानाच हात अडतो. वळणावर स्ट्रेचर फिरेल का? स्वच्छ आणि वापरलेल्या सामानाच्या वाटा कुठे एकमेकींना छेदत तर नाहीत?

अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानने कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या इमारतीत (१९६५) प्रयोगशाळांच्या वर पाइप-डक्टसाठी माणूस उभा राहील एवढे अख्खे मजले ठेवले. दुरुस्ती चालली तरी खालचं काम थांबत नाही. हा विचार हॉस्पिटललाही लागू पडेल असं मला मनापासून वाटतं, पण उंची वाढते.

वेगवेगळ्या प्रकारच्या इमारती करणाऱ्यांनो, हॉस्पिटल प्लॅनिंगचा सल्लागार पहिल्या स्केचपासूनच सोबत घेता, की प्लॅन बसल्यावर?