'न्याय्य संक्रमण' : अर्थ आणि वापर

प्रश्न : कोळसा सोडून सौर-पवन ऊर्जेकडे वळण्याविषयीच्या लेखांत 'न्याय्य संक्रमण' सारखं वाचनात येतं. काही जण 'न्यायी' लिहितात. बरोबर काय? आणि हा न्याय नेमका कोणाला द्यायचा?

उत्तर : 'न्याय्य'च. न्यायी असतो तो माणूस. मागणी, वाटा, मोबदला हे न्याय्य असतात. 'संक्रमण' चपखल आहे, कारण त्यात मधला काळ गृहीत धरलेला असतो, आणि सगळी ओढाताण त्या मधल्या काळातच होते.

संज्ञा आली ती कामगार चळवळीतून. अमेरिकेतल्या तेल-रसायन कामगारांचे नेते टोनी मॅझोकी यांचं म्हणणं असं की, विषारी जमीन साफ करायला सरकारी निधी असतो, मग पर्यावरण जपण्यापायी ज्यांचं काम जातं त्यांच्यासाठीही असायला हवा. हवामानबदलाविषयीच्या २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही कामगारांच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. म्हणून 'बेरोजगारांना मदत' असा अर्थ लावला की शब्दाचा प्राणच जातो. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. न्याय्य म्हणजे हक्काचं; ते मागून घेता येतं, नाकारलं तर जाब विचारता येतो.

दक्षिण आफ्रिकेतलं कोळशावर चालणारं कोमाटी वीजकेंद्र ऑक्टोबर २०२२मध्ये बंद झालं. कायम कामगारांना कंपनीने दुसरीकडे सामावून घेतलं. कंत्राटी कामगारांची कंत्राटं मात्र संपली आणि त्यांच्या पगारावर चालणारे आसपासचे छोटे धंदेही बसले. कागदोपत्री कोणाचीही नोकरी गेली नाही! याला न्याय्य म्हणणं मला तरी पटत नाही. हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाचाही हिशेब व्हायला हवा आणि निर्णय होण्याआधी त्याला विचारायला हवं.

उपप्रश्न : मग बॅटरीसाठी काँगोत हाताने कोबाल्ट खणणारे यात येतात का?

उत्तर : मूळ अर्थात नाही, आजच्या वापरात येतात आणि यायलाच हवेत. धूर एकीकडे थांबवून धूळ दुसऱ्याच्या छातीत भरायची, याला फार तर स्थलांतर म्हणता येईल. या व्यापक अर्थासाठी 'ऊर्जान्याय' हा शब्दही रुळतो आहे.

वापराबाबत एक सुचवतो. 'न्याय्य संक्रमण राबवणे' टाळावं. राबवतात ती योजना, वरून खाली. 'घडवणे' लिहावं, आणि शक्य तिथे कोणाचं संक्रमण तेही लिहावं : खाणकामगारांचं, कंत्राटी मजुरांचं, गावाचं.