अंडी फुकट? मग माझी वही बघा

वहीवाला
परवा इथे एकाने लिहिलं, "परसात डझनभर कोंबड्या सोडा. उरलंसुरलं खाऊन अंडी देतील, वर्षात खुराड्याचे पैसे वसूल, पुढची अंडी फुकट." खाली नुसती वाहवा. दोन दिवस गप्प बसलो. पण काल ओळखीतल्या एकाने तेच वाचून १२ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) सांगून ठेवल्या आणि वर मलाच विचारलं, "खाद्य विकत लागतच नाही ना?" म्हणून हे लांबण.

अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. अंडं दिलं तरी, नाही दिलं तरी. वर्षाचे झाले साधारण ४२ किलो. त्याआधी पिल्लाची तलंग होऊन अंड्यावर येईपर्यंतच्या १८-२० आठवड्यांत ६-७ किलो खाऊन झालेलं असतं, ते वेगळं. मी तीन वर्षं वही ठेवली आहे. पहिल्या वर्षी १२ कोंबड्या, ५१० किलो खाद्य, २,६४० अंडी. म्हणजे एका अंड्यामागे १९३ ग्रॅम. दुसऱ्या वर्षी दोन कुत्र्याने नेल्या, उरल्या १०. खाद्य ४२५ किलो, अंडी १,७५०, अंड्यामागे २४३ ग्रॅम. तिसऱ्या वर्षी ९ कोंबड्या, ३८० किलो आणि फक्त १,०८० अंडी. ३५२ ग्रॅम! मोठ्या पोल्ट्रीत कोंबड्या भरात असताना हेच काम १२०-१२५ ग्रॅममध्ये होतं. शिवाय ते ट्रकाने घेतात, मी पोत्याने. यात खुराडं, जाळी, भुसा, औषधं धरलेली नाहीत. माझी मजुरी तर कुठेच नाही.

आता उरलंसुरलं. त्याने पोट भरतं, पण अंड्याला १६-१७ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. भलतंसलतं खाऊन टम्म झालेली कोंबडी मॅशकडे, म्हणजे विकतच्या भरड खाद्याकडे, ढुंकूनही बघत नाही, मग अंडी घटली की म्हणायचं नजर लागली. हौस म्हणून खुशाल पाळा. फुकट म्हणू नका, एवढंच.

परसातली_पारू
वहीवाले, बेरीज बरोबर आहे, पण धंदा कळलेला नाही. तुम्ही तुमच्या अंड्याची तुलना हजारोंच्या पोल्ट्रीतल्या अंड्याशी करताय. त्या भावाने मी विकतच नाही! माझ्याकडे ४० आहेत. ठरलेली घरं आहेत, सकाळचं अंडं संध्याकाळी त्यांच्याकडे, आणि ती माणसं दुकानापेक्षा जास्त पैसे हसत देतात. खत भाजीच्या वाफ्यात जातं, ते तुमच्या वहीत दिसलं नाही. आणि १२ कोंबड्यांचं दार उघडायला, पाणी बदलायला, तिन्हीसांजेला मोजून आत घालायला जेवढा वेळ जातो, ४० ला त्याहून फार तर दहा मिनिटं जास्त. तुमचा तोटा कोंबड्यांमुळे नाही, डझनामुळे आहे.

तिरपागडा
मुख्य मुद्दा सगळेच विसरलेत. घरच्या अंड्याचा बलक बघा, केशरी! पोल्ट्रीचा फिकट. पौष्टिकपणाला किंमत नाही का?

आकडेमोड्या
आला का बलक! प्रत्येक वेळी कुणीतरी आणतोच. रंग खाद्यातून येतो हो. पिवळा मका घाला, हिरवा पाला घाला, झेंडूच्या पाकळ्या घाला, पोल्ट्रीचा बलकही केशरी होतो. नुसत्या रंगावरून पौष्टिकपणा कळत नाही.

वहीवाल्यांना माझा वेगळा प्रश्न. ते ३८० किलो सगळं कोंबड्यांनीच खाल्लं कशावरून? माझ्याकडे खाद्य उघडं राहायचं आणि रात्री उंदीर. एक मोठा उंदीर दिवसाला २०-२५ ग्रॅम सहज संपवतो. पाच उंदीर म्हणजे एक कोंबडी, आणि ती अंडं देत नाही. मी झाकणाचा पत्र्याचा डबा आणला तेव्हा महिन्याकाठी अर्धं पोतं वाचायला लागलं. तोवर मी बिचाऱ्या कोंबड्यांनाच खादाड म्हणत होतो.

परसातली_पारू
अर्धं पोतं? उंदीर पाळले होतेत की काय!

नवशिका
तलंगा विकत कशाला घ्यायच्या? एक खुडूक (अंडी उबवायला बसणारी कोंबडी) बसवा, २१ दिवसांत पिल्लं फुकट.

वहीवाला
पुन्हा फुकट! खुडूक बसलेली कोंबडी ते २१ दिवस अंडी देत नाही, पुढे पिल्लं सांभाळते तेव्हाही नाही. आणि निम्मी पिल्लं कोंबडे निघतात. ते काय आरवायला पोसायचे? अंड्यासाठी तर एकही कोंबडा लागत नाही. लसीचंही तेच. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीची बाटली शेकड्यांच्या हिशेबाने येते, एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. मी १२ जणींना टोचून बाकीची फेकतो. पारूताई, तुमच्या ४० च्या बाजूने हा एक मुद्दा मीच देतोय, ठेवून घ्या.

निवांत_नाना
लसी, उंदीर, बलक. खरा रोग वहीतच लिहिलाय आणि कुणी वाचत नाही. १९३, २४३, ३५२. कोंबडी दर पिसं झडल्यावर आधीच्यापेक्षा कमी देते. पहिल्याच्या मानाने दुसऱ्या वर्षी १५-२० टक्के कमी, पुढे घसरतच जाते. खाणं मात्र तेवढंच. आमच्याकडे दुसऱ्यांदा पिसं झडायला लागली की कळप बदलायचा, हा नियम. पन्नास वर्षं कोंबड्या केल्या, कधी आतबट्ट्यात गेलो नाही.

मुकी_नाहीत_ती
"कळप बदलायचा" म्हणजे कापायचा, हे म्हणायला लाज वाटते का नाना? सहा-सात वर्षं जगणारा जीव. दीड-दोन वर्षं रोज तुम्हाला देतो आणि मग थेट पातेल्यात?

निवांत_नाना
लाज कसली? कापायचाच. पेन्शन द्यायला मी सरकार नाही.

मुकी_नाहीत_ती
माझ्याकडे पाच वर्षांची एक आहे. महिन्याला दोन-चार अंडी देते. मी अंगणात बसले की मांडीवर येते. तिचे ४२ किलो मला जड नाहीत. ज्याला जड होतात त्याने कोंबड्या पाळूच नयेत, दुकानातून ट्रे आणावा.

आकडेमोड्या
आणि त्या ट्रेमधली अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं पुढे काय होतं असं वाटतं तुम्हाला? वृद्धाश्रम?

मुकी_नाहीत_ती
टोमणे मारायला येतात फक्त. माझं मत मी सांगितलं.

निवांत_नाना
बाई, तुमची एक ठेवा, कोण अडवतंय. पण नवशिक्यांनी निदान बघायला शिकावं. रात्री दांडीवरून एकेक उचला. शेपटीखाली दोन हाडं हाताला लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे, एकही बोट जात नसेल तर आयतखाऊ. तुरा फिका, आक्रसलेला. आणि पिवळ्या पायांच्या जातीत भर हंगामातही जिचे पाय गर्द पिवळे राहतात ती काही देत नाही, कारण देणारीच्या पायांचा रंग उतरत जातो. कळपातली सगळ्यात देखणी, पिसं तुकतुकीत, ती बहुतेक वेळा ठगच. चांगली अंडी देणारी वर्षाअखेरीस भिकाऱ्यासारखी दिसते.

परसातली_पारू
नाना, तुमच्याशी माझं पटत नाही, पण हे शंभर टक्के खरं. माझी सगळ्यात रुबाबदार कोंबडी सहा महिने फक्त मिरवत होती.

थांबा, एक विचारायचंय. वहीवाले, तिसऱ्या वर्षी १२० च्या सरासरीला उतरलेल्या ९ कोंबड्या तुमच्याकडे होत्याच का? एवढी वही ठेवणारा माणूस दुसऱ्या वर्षअखेर कळप बदलत नाही?

वहीवाला
हा मूळ मुद्दा नाही.

आकडेमोड्या
हाच मूळ मुद्दा आहे. तिसरं वर्ष काढून टाकलं तर तुमचं रडगाणं निम्मं होतं. ९३५ किलोला ४,३९० अंडी, म्हणजे अंड्यामागे २१३ ग्रॅम. पोल्ट्रीशी बरोबरी नाही, पण पारूताईंच्या भावात सुटतं.

वहीवाला
बरं, सांगतो. पोरीने नावं ठेवली. म्हणजे कोंबड्यांना. तुम्ही आता मला ठेवाल ती वेगळी. नऊच्या नऊ नावं तिला पाठ आहेत, शाळेतून आली की हजेरी घेते. दुसऱ्या दिवशी "एक कुठे गेली" हे कोण ऐकणार?

तिसरं वर्ष वजा करून हिशेब चालतो, हे मान्य. पण ज्याने १२ तलंगा सांगितल्यात त्याच्याही घरात दोन मुलं आहेत. त्याची वही माझ्यासारखीच निघणार.

निवांत_नाना
मग त्याला सांगा, नावं ठेवू देऊ नका म्हणून.

मुकी_नाहीत_ती
वहीवाले, तुमच्याबद्दलचं मत थोडं बदललं. थोडंच.

वहीवाला
उपकार झाले. चौथं वर्ष सुरू आहे, ८ उरल्यात. काल एक अंडं.