दिवाळी अंक: निवडता कसे? (अनुभव धागा)

निळी शाई
पेपरात आगाऊ नोंदणीची पहिली जाहिरात दिसली आणि कोऱ्या अंकाचा वास नाकात आला. म्हणून हा धागा. कुठला अंक श्रेष्ठ यावर दरवर्षी मारामाऱ्या होतात, त्या इथे नकोत. दुकानात टेबलभर अंक मांडलेले असताना हात कशावर टाकायचा, तेवढं सांगा.

सुरुवात मीच करते. उभ्या उभ्या पाच मिनिटांत अंक जोखायचा तर अनुक्रमणिका बघायची, पण नावं नाही, पानांचे आकडे. ‘दीर्घकथा’ म्हणून छापलंय, सुरू होते पान ११२ वर आणि पुढचा लेख आहे ११९ वर. मधली दोन पानं जाहिरात. म्हणजे दीर्घकथा झाली पाच पानांची! असं दोन-तीन ठिकाणी दिसलं की अंक जागेवर ठेवायचा. मग संपादकीय. हा विषय का घेतला, कोणाकडून काय लिहून घेतलं हे त्यात असेल तर संपादकाने काम केलंय. नुसते जाहिरातदारांचे आभार असतील तर मजकूर येईल तसा भरलेला असण्याची शक्यता जास्त. आणि एकाच लेखकाचं नाव चार अंकांत दिसलं असेल तर त्याच्यासाठी पाचवा घेऊ नये. मागणी सगळीकडून येते, पाचव्याच्या वाट्याला उरलंसुरलं जातं.

टाचणी
+१, पानांच्या आकड्यांचं भारीच.
वेळेचाही हिशोब करा. मजकुराच्या पानाला तीन मिनिटं धरा (दोन कॉलम, बारीक टाइप). २०० पानी अंकातून जाहिराती-चित्रं वजा जाता १६० पानं उरली तर ४८० मिनिटं, म्हणजे आठ तास. रोज पाऊण तास वाचणाऱ्याला एक अंक जवळपास अकरा दिवस पुरतो. लक्ष्मीपूजनापासून तुळशीची लग्नं संपेपर्यंत जेमतेम दीड अंक! आणि लोक दहा-दहाचे संच उचलतात. होळी आली तरी वरचं प्लॅस्टिक निघालेलं नसतं.

अवकाळी
प्लॅस्टिकचं जिव्हारी लागलं, हाहा.
पण सगळं वाचायचंच कशाला? आधी व्यंगचित्रं, मग राशिभविष्य, मग पान उघडेल तिथून.

सिंह रास
भविष्य आधी वाचत नाही म्हणणारा खोटं बोलतो. फक्त ते कुठून कुठवरचं आहे ते बघा. काही अंक नोव्हेंबर ते ऑक्टोबर देतात, काही थेट जानेवारी ते डिसेंबर. रास चंद्रावरून धरलीय की जन्मतारखेवरून, हेही. दोन अंक शेजारी ठेवायचे आणि त्यातल्या त्यात बरं ते आपलं मानायचं.

फॉर्मवाला
छपाईतला माणूस आहे, म्हणून हे सांगतो. अंक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पानं छापतात आणि घड्या घालतात, तो झाला एक फॉर्म. असे फॉर्म एकावर एक रचून पाठीला गरम गोंद लावतात. दिवाळीच्या तोंडावर बाइंडरकडे रात्रपाळी चालते. रचताना एखादा फॉर्म दोनदा पडतो आणि शेजारचा राहून जातो. मग पान ८० नंतर पुन्हा ६५ येतं आणि ८१ ते ९६ गायब. रहस्यकथेतला खुनी त्याच फॉर्ममध्ये असतो, नियमच आहे तो.

तपासायला मिनिट लागतं. १६, ३२, ४८, ६४, ८०, ९६ या पानांपुढे क्रमाने पुढचाच आकडा येतो ना, एवढं बघायचं. मुखपृष्ठापासून क्रमांक धरले असतील तर हे आकडे दोनाने सरकतील: १८, ३४, ५०. मध्ये गुळगुळीत आर्ट पेपरच्या रंगीत जाहिराती घुसवलेल्या असतात, त्यांना बहुधा क्रमांक नसतो, तिथे गोंधळू नका.

नवा अंक मधोमध धरून कडकन पसरवू नका. पाठ टेबलावर टेकवून उभा धरा. पुढची आठ-दहा पानं आडवी पाडून शिवेजवळ वरून खाली बोट फिरवा, मग मागची आठ-दहा, असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. गोंद वाकतो, तडकत नाही. आर्ट पेपरला गोंद नीट धरत नाही, त्यामुळे सुटतात ती आधी जाहिरातीचीच पानं. तेवढं बरं.

निळी शाई
दादा, हे सोनं आहे. फॉर्म चुकला असेल तर दुकानदार बदलून देतो का?

वाचनालयातली काकू
घाईत लिहितेय, काउंटरवर गर्दी आहे.
विकत घ्यायचे दोन-तीनच. बाकीच्यांसाठी वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्यावी. नेहमीच्या वर्गणीवर वेगळे पैसे भरायचे आणि तीन-चार महिने अंक बदलून न्यायचे. नव्या अंकाला मुदत कमी असते, उशीर झाला की दंड. पहिल्या पंधरवड्यात सगळे त्याच पाच-सहा नावांवर तुटून पडतात. तेव्हा त्या रांगेत उभं न राहता एका विषयाला वाहिलेले अंक न्यावेत: पर्यावरण, आरोग्य, प्रवास, शेती, संगीत. ते तेव्हा मोकळे असतात. मोठी नावं जानेवारीत आपोआप हाताशी येतात. हां, राशिभविष्य आणि पाककृती तेवढ्या वेळेवर हव्यात. कथा-लेख शिळे होत नाहीत.
आणि कृपा करून शब्दकोडं पेनने सोडवू नका हो. पेन्सिलनेसुद्धा नको. फोटो काढा आणि घरी सोडवा.

अवकाळी
काकू, आडवा ७ कोणीतरी चुकीचा लिहून ठेवतं आणि मग उभे सगळे बिघडतात, त्याचं काय?

वाचनालयातली काकू
त्याला दंड दुप्पट हवा.

आडवाट
तारखांचं एक. अधिक महिना आला की दिवाळी पुढे सरकते आणि अंकांचं वेळापत्रकही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ८ नोव्हेंबरला. म्हणजे ‘ऑक्टोबर अर्धा झाला, अंक कुठेत’ म्हणून दुकानदाराच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पहिले अंक साधारण नवरात्रात-दसऱ्याला येतात, मोठी लाट वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात आणि रेंगाळलेले भाऊबीजेनंतर. आगाऊ नोंदणीला सवलत चांगली मिळते, पण अनुक्रमणिका न बघताच पैसे जातात. गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक आवडले असतील तरच आगाऊ. नव्या अंकाला थांबलेलं बरं.

चकलीचा घाणा
वाचतेय सगळं, हात तेलाचे आहेत, नंतर लिहिते.

टाचणी
तेलाच्या हाताने अंक उघडू नकोस म्हणजे झालं!

चकलीचा घाणा
उघडला. पान ४१ वर अंगठा.

फॉर्मवाला
पुसू नका, पसरेल. पानाच्या वर-खाली टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअरचा जाड थर द्या, दोन्ही बाजूंना टिश्यू पेपर, वर जड पुस्तक, रात्रभर तसंच. सकाळी मऊ ब्रशने झटका. राहिला तर पुन्हा एकदा. साध्या कागदावरचा डाग पुरता जात नाही, पण पुढच्या पानांवर उतरत नाही. आर्ट पेपर असेल तर नुसतं टिपलं तरी बरंच निघतं.

मिनूची आई
मुलांसाठी कोणीच लिहिलं नाही. अंकावर ‘बाल’ लिहिलंय म्हणून घेऊ नका. मधलं कुठलंही पान मुलाकडूनच वाचून घ्या. पाचाहून जास्त शब्दांवर अडलं तर तो अंक आपण वाचून दाखवायचा. एक-दोन शब्दांवर अडलं तर त्याच्या हातात द्यायचा. सात-आठ वर्षांच्या मुलाला दीड-दोन पानांच्या गोष्टी आणि मध्ये कोडी, कृती असलेला अंक लागतो. सहा-सहा पानांची बोधकथा म्हणजे शिक्षा. ‘किशोर’ बालभारतीचा आहे, १९७१ पासूनचा. त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत, आधी तिथे चाचपून बघा मूल रमतंय का. बारा-तेराच्या पुढच्यांना बालअंक देऊ नका, त्यांना ‘नवल’ किंवा ‘धनंजय’ द्या. गूढ, रहस्य, विज्ञानकथा असतात. फक्त आधी आपण एकदा चाळायचा, एखादी कथा मोठ्यांचीच निघते.

अवकाळी
आणि चाळता चाळता आपणच तो संपवायचा.

मिनूची आई
श्श.

रद्दीप्रेमी
नवे घ्यायचेच कशाला, हा माझा मूळ मुद्दा. डिसेंबर उजाडला की न खपलेले अंक अर्ध्या किमतीला मिळतात आणि रद्दीत तर किलोवर. जुना घेताना बघायच्या गोष्टी: पाठ (गोंद पिवळा पडून ठिसूळ झाला असेल तर पानं हातात येतात), पिनांचा गंज (मधली जोडपानं आधी सुटतात) आणि कसर. कसर कशी ओळखायची? कडेला बारीक, वेडावाकडा कुरतडल्याचा माग आणि शिवेत भुकटी. असा अंक घरातल्या बाकीच्यांत मिसळायचा नाही, आधी झटकून बंद पिशवीत वेगळा ठेवायचा.

‘आवाज’ जुना घेत असाल तर खिडक्या तपासा. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या अंकाची खासियतच खिडकीचित्रं: वरच्या कापलेल्या खिडकीतून भलतंच काहीतरी दिसतं आणि पान उलटलं की साधंसुधं चित्र निघतं. खिडकीची झडप बिजागरीपाशी फाटते, नाहीतर कोणीतरी कात्रीने कापूनच नेलेली असते. झडप गेलेल्या अंकाला निम्मी किंमतसुद्धा देऊ नये.

जुना पिंपळ
इतिहासाचं एक वाक्य तरी हवंच. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तो पहिला मानतात. बाकी चालू द्या.

चष्मा कुठेय
घरातल्या म्हाताऱ्यांसाठी अंक घेताना मजकुराच्या आधी टाइप बघा. अक्षरापेक्षा दोन ओळींमधली जागा महत्त्वाची, कारण मराठीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, ओळी दाटल्या की ते एकमेकांत घुसतात. गुळगुळीत कागद दिव्याखाली चमकतो, म्हणून मॅट कागदावरचाच घ्यावा. रंगीत पट्ट्यावर पांढरी अक्षरं असलेली पानं जास्त असतील तर सोडून द्या. दोन कॉलमचा बरा, नजर पुढच्या ओळीवर बरोबर येते. वजनही बघा हो, पडून वाचणाऱ्याला साडेतीनशे पानी अंक छातीवर पेलत नाही.

सातासमुद्रापार
वजनाचा विषय निघालाच आहे तर विचारते. परदेशी मागवायला सहा अंक, किती किलो होतील?

फॉर्मवाला
ताई, हिशोब सोपा आहे. साधारण १८ बाय २४ सेंटीमीटरचा अंक, २०० पानं म्हणजे १०० पत्रे, कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम). एक पत्रा तीन ग्रॅमचा, म्हणजे ३०० ग्रॅम. मुखपृष्ठ आणि आर्ट पेपर धरून ३५० ते ४००. सहा अंक सव्वादोन किलोच्या आसपास, वर खोक्याचं वजन. टपालखर्च अंकांच्या किमतीवर जाणार. त्यापेक्षा चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले दोन कागदावर घ्या आणि मजकुराचे डिजिटल.

सातासमुद्रापार
डिजिटलमध्ये दोन कॉलम म्हणजे वैताग. वर-खाली, वर-खाली.

टाचणी
फोन आडवा धरायचा आणि एकच कॉलम पडदाभर मोठा करायचा. टॅब्लेट असेल तर उभाच चालतो. आणि घेण्याआधी नमुना पान उतरवून त्यातला एक शब्द शोधून बघा. सापडला तर मजकूर खरा आहे, नाहीतर नुसती स्कॅन केलेली चित्रं. ती मोठी केली की धूसर होतात.

आडवाट
देशातल्या देशात पाठवणाऱ्यांसाठी: १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. जुन्या दराचा अंदाज धरून पैसे घेऊन जाऊ नका. आणि अंक गुंडाळी करून पाठवू नका, पाठीचा गोंद तिथेच मोडतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधा, बाहेरून प्लॅस्टिक.

चकलीचा घाणा
झाले एकदाचे हात मोकळे. पावडर टाकलीय पान ४१ वर. मध्येच सांगते, मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, तेव्हा वाचता वाचता मोहन मोजू नका.
निवडीबद्दल: घरात चार माणसं वाचणारी असली तर चार प्रकार घ्यावेत. एक कथांचा, एक लेख-मुलाखतींचा, एक विनोदी आणि एक कुठल्यातरी एकाच विषयाचा. एकाच धाटणीचे चार आणले की दोन पडून राहतात.

वाचनालयातली काकू
बरोब्बर. आणि शेजाऱ्यांशी ठरवून वेगवेगळे घ्या, अदलाबदल होते. कोणाकडे कुठला गेलाय ते मागच्या पानावर पेन्सिलने लिहायचं, नाहीतर अंक परत येत नाही.

निळी शाई
फॉर्मवाले दादा, माझा प्रश्न राहिला वर. बदलून देतात का?

फॉर्मवाला
हो, राहिलाच. देतात, सदोष प्रत वितरकामार्फत प्रकाशकाकडे परत जाते, दुकानदाराचं नुकसान होत नाही. बिल ठेवा आणि अंकावर नाव घालू नका. पाडव्याच्या आत गेलात तर बरं, नंतर बदलून द्यायला प्रत शिल्लक नसते. मग फक्त पैसे मिळतात, खुनी मिळत नाही.