डेस्कटॉप सपोर्टच्या नोकरीसाठी नेमकी तयारी काय करावी?

कृष्णाकाठ:
नमस्कार. धाकट्या भावाचं बी.कॉम. झालंय, एमएस-सीआयटीही आहे. त्याला डेस्कटॉप सपोर्टमध्ये (ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवण्याच्या कामात) जायचंय. सांगलीतला एक क्लास वर्षभराचा हार्डवेअर-नेटवर्किंग कोर्स आणि शेवटी कॉम्पटिया ए प्लस या सर्टिफिकेट परीक्षेची तयारी असं पॅकेज देतोय. कोर्स घ्यावा की घरी शिकून थेट परीक्षा द्यावी? घरी सराव करायचा तर कशाचा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

सर्व्हिसडेस्क:
एमएस-सीआयटी कॉम्प्युटर वापरायला शिकवतं, दुरुस्त करायला नाही. सपोर्टच्या मुलाखतीत त्यावर भिस्त ठेवू नका.

क्लासची फी भरण्याआधी त्यांची लॅब बघून या. एका मशीनवर किती मुलं बसतात, मदरबोर्ड-रॅम स्वतः काढून बसवायला मिळतं का, विंडोज सर्व्हर आणि डोमेन (ऑफिसातली सगळी मशीन आणि लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) शिकवतात का, हे विचारा. नुसत्या स्लाइड्स असतील तर तो पैसा एसएसडी आणि रॅमवर खर्च केलेला बरा.

ए प्लसचे दोन पेपर आहेत, दोन्ही पास व्हावे लागतात. सध्याचे २२०-१२०१ आणि २२०-१२०२. पुस्तक घेताना हा नंबर बघा, कारण ११०१ आणि ११०२ हे सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाले आणि सेकंडहँडमध्ये नेमकी तीच पुस्तकं हाती येतात. प्रत्येक पेपर ९० मिनिटांचा, जास्तीत जास्त ९० प्रश्न. ९०० पैकी पहिल्यात ६७५, दुसऱ्यात ७०० लागतात. स्क्रीनवर प्रत्यक्ष करून दाखवायचे प्रश्न वेळ खातात. ते खूण करून मागे ठेवावेत आणि बाकीचे आधी उरकावेत. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं.

माझं मत: आधी हात बसू दे, परीक्षा नंतर. मुलाखतीत विचारतात ते "पीसी चालू होतो पण डिस्प्ले नाही, काय कराल?" आणि तिथे पाठांतर लगेच उघडं पडतं.

जुना_बोर्ड:
त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. पहिल्यांदा मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली असते, हे फार वेळा होतं. इंटेलच्या मॉडेल नंबरमागे एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच. बोर्डाच्या पोर्टवर काही दिसणार नाही.

मग पॉवर केबल काढून, पॉवर बटण १० सेकंद दाबून, एकच रॅम ठेवून बघायचं. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा. रॅमची सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने पुसा, कण झटका, दोन्ही बाजूंनी 'टक' होईपर्यंत दाबा. तरी नाही तर सीमॉस क्लिअर, म्हणजे बोर्डाची साठवलेली सेटिंग्ज पुसायची. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्या बूटला काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. घाईने बंद करून 'बोर्ड गेला' असा निकाल देऊ नये.

एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट, ५ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. मीटरने बाहेरूनच मोजा. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज असू शकतो, त्यामुळे नवशिक्याने तो डबा उघडायचाच नाही.

सरावासाठी जुना डेस्कटॉप घ्या. पूर्ण खोला, पूर्ण जोडा, न बघता जमेपर्यंत.

लॅनवाला:
वरचं सगळं बरोबर, पण नोकरीत स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा नेटवर्क आणि लॉगिनच्या तक्रारी जास्त. मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही. केबल, स्विच पोर्ट, डीएचसीपी या क्रमाने जा. पत्ता बरोबर असेल तर आधी गेटवेला (बाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग करून उत्तर येतं का बघा, मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला, मग एखाद्या साइटला नावाने. नंबरने जातंय आणि नावाने नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेचा.

क्रिंपिंगला (नेटवर्क केबलच्या टोकाला प्लग बसवताना) ५६८बी हा रंगक्रम: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर हिरवी जोडी का, हे समजून घ्या. रंग ओळीने लावले तर साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण एकमेकींत पिळलेली जोडी फुटल्यामुळे लिंक रडत चालते.

घरी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मूल्यांकन आवृत्ती आणि एक विंडोज ११ क्लायंट बसवा. क्लायंटचा डीएनएस म्हणून सर्व्हरचाच आयपी द्या. राउटरचा राहिला की डोमेन जॉइन होत नाही. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही. मग मुद्दाम अकाउंट लॉक करा आणि सर्व्हरवर इव्हेंट ४७४० (अकाउंट लॉक झाल्याची नोंद) शोधा. कुठल्या मशीनवरून चुकीचा पासवर्ड येतोय ते तिथे दिसतं. ऑफिसात बहुतेकदा मोबाइलच्या मेलमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असतो. क्लायंटचं घड्याळ ५ मिनिटांपेक्षा जास्त चुकलं तरी डोमेन लॉगिन अडतं, आणि त्याचं मूळ कधीकधी बोर्डावरच्या संपलेल्या सीआर२०३२ सेलमध्ये निघतं.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, त्यावर ही लॅब चालेल?

लॅनवाला:
रखडेल. विंडोज ११ क्लायंटलाच ४ जीबी लागतात, सर्व्हरला निदान २. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे स्लॉट किती आणि वापरात किती ते बघा. दोनपैकी एक रिकामा असेल तर ८ जीबीची आणखी एक स्टिक घाला. डीडीआर४ की ५ ते आधी नक्की करा, खाच वेगळ्या जागी असते, एकमेकींच्या स्लॉटमध्ये बसत नाही. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल आणि स्लॉटच नसेल तर सेकंडहँड डेस्कटॉप घेऊन त्यावर लॅब करा, म्हणजे हार्डवेअरचा सरावही त्यावरच होईल.