फोटोच्या आतलं लोकेशन बंद ठेवावं का चालू? वाघिणीच्या फोटोवरून विचारून राहिलो

बफरकाठचा (चंद्रपूर)
राजेहो, हे वाचाच. मार्चच्या शेवटी माझा चुलतभाऊ पहाटे मोहफुलं वेचाले गेला, तर नाल्याच्या पल्याड वाघीण, सोबत 2 पिल्लं. त्यानं दुरूनच एक फोटो काढला आन टोपली तिथंच टाकून मागं आला. घरी येऊन गावच्या ग्रुपवर टाकला. साधा टाकला असता तर काही झालं नसतं, कारण व्हॉट्सअ‍ॅप साध्या फोटोतली आतली माहिती काढून टाकते, पण फोटो फाटू नये म्हणून त्यानं डॉक्युमेंट करून टाकला, आन डॉक्युमेंटमधी फाईल जशीच्या तशी जाते. तिथून तो कुठंकुठं गेला कोणाले माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी 7 च्या आत नाल्यावर 10-12 गाड्या उभ्या, सगळे बाहेरगावचे पोट्टे. आमी जागा कोणालेच सांगितली नव्हती! मंग त्यातल्याच एकानं मोबाइल दाखवला: फोटो उघडला, बोटानं वर सरकवला, खाली नकाशा आला आन नकाशावर बरोबर तोच नाला. अक्षांश-रेखांश, तारीख, सेकंदापर्यंतचा टाइम, मोबाइलचं मॉडेल, सारं त्या फोटोतच.

ताडोबाच्या कोरमधी (आतल्या राखीव जंगलात) पर्यटकाले मोबाइल नेऊ देत नाही, पण बफरातल्या (कोरच्या भोवतालच्या पट्ट्यातल्या) गावात तर घरोघरी मोबाइल हाय. त्याच नाल्यावर आमच्या बाया मोह वेचतात, पुढं मे महिन्यात तेंदूपत्ता. पिल्लंवाली वाघीण बिथरली तर पोट्टे गाडीवर पळून जातील, बाया कुठं जातील? माझं तर स्पष्ट मत हाय, नवीन मोबाइल घेतला का पहिले कॅमेऱ्याच्या सेटिंगमधी जाऊन लोकेशन बंद करा, मंगच फोटो काढा.

पराटीवाला (वर्धा)
भाऊ, तुमचं दुःख समजते, पण सगळ्यायले बंद करा म्हणू नका. 2022 च्या जुलैत नदीचं पाणी माझ्या वावरात 3 दिवस होतं. धुऱ्यावर उभा राहून फोटो काढले, पराटीचे (कपाशीचे) फक्त शेंडे दिसून राहिले होते. विम्यासाठी तवा 72 तासांत कळवा लागत होतं, ते मी कळवलं. पंचनाम्याले माणूस आला तोवर पाणी उतरून गेलं होतं, तो म्हणे हे फोटो कशावरून याच वावरातले, कशावरून याच साली काढले? तवा मी गॅलरीतला मूळ फोटो उघडून दिला, नकाशा मोठा करून दाखवला, माझी विहीर दिसली त्यात. मंग त्यानं लिहून घेतलं. लोकेशन बंद असतं तर मी काय दाखवलं असतं? कास्तकाराजवळ पुरावा म्हणून दुसरं असते तरी काय.

शिवणवाली ताई (अमरावती)
मी बफरकाठच्या भाऊच्या बाजूनं आहे. मी घरी ब्लाऊज शिवते, नमुन्याचे फोटो गिऱ्हाइकाले मेलवर पाठवत होती. मेलवर पण सगळी माहिती तशीच जाते हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. एक दिवस भर दुपारी अनोळखी माणूस दारात, पत्ता मी दिलाच नव्हता, आन घरी मी आन माझी पोरगी दोघीच. म्हणे फोटोवरून सापडलं घर. काही केलं नाही त्यानं, पण त्या रात्री मी झोपली नाही. वावराचा पुरावा तुमाले महत्त्वाचा असंल, मले माझं घर महत्त्वाचं आहे.

कोर्टकचेरी (यवतमाळ)
पराटीवाले भाऊ, एक गैरसमज काढतो. या माहितीले एक्झिफ म्हणतात, 1995 साली जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं ठरवलेला नमुना आहे तो, कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्यानं कसा काढला ते समजावं म्हणून. त्याले कुलूप नाही. 2 मिनिटांत तारीख बदलवता येते, लोकेशन बी. कोर्टात नुसता मोबाइल दाखवून भागत नाही, साक्ष अधिनियमाचं कलम 63 आहे (पूर्वीचं 65ब), त्याचं प्रमाणपत्र लागते आन त्यात फाईलची हॅश (फाईलवरून निघणारा आकडा-अक्षरांचा ठसा, फाईल बदलली का तोही बदलते) लिहा लागते. म्हणजे पुरावा म्हणून कच्चा आहे, पण माणूस शोधाले एकदम पक्का. अँटीव्हायरसवाला जॉन मॅकॅफी 2012 च्या डिसेंबरात पोलिसांपासून लपून फिरत होता, एका मासिकानं त्याचा फोटो टाकला, त्यात लोकेशन तसंच राहिलं आन तो ग्वाटेमालात आहे हे साऱ्या जगाले कळलं.

पराटीवाला (वर्धा)
वकीलसाहेब, कोर्टात जाची पाळी शंभरातून एकावर येते. बाकी सारं बांधावरच ठरते, आन तिथं हेच कामी पडते. हो, एक घोळ झाला होता तोही सांगतो. फोटोत टाइम 11:42 आन जीपीएसच्या रकान्यात 6:12, तो माणूस म्हणे हे तर खोटं. जीपीएसचा टाइम आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं लिहिला जाते हे त्याले समजावता समजावता घामाघूम झालो. माझं म्हणणं एवढंच का काढताना चालू ठेवा आन पाठवताना काढून टाका.

बफरकाठचा (चंद्रपूर)
पाठवताना काढाचं कोणाच्या ध्यानात राहते भाऊ? माझ्या भावाले फोटोत असं काही असते हेच माहीत नव्हतं. जे दिसतच नाही ते माणूस काढंल कसं? आन ई-पीक पाहणीचं अ‍ॅप (सात-बारावर पीक नोंदवाचं सरकारी अ‍ॅप) आपलं लोकेशन सोता घेते, त्याची परवानगी येगळी असते. कॅमेऱ्याचं बंद ठेवलं म्हणून पीक पाहणी अडत नाही, मी करून पाहिली.

पराटीवाला (वर्धा)
पीक पाहणी नाई अडत, पण पूर अ‍ॅप उघडापर्यंत थांबत नाही. जो हातात येईल त्या कॅमेऱ्यानं माणूस फोटो काढते. माझं चालूच राहीन. जंगलातल्या फोटोचं मात्र तुमचं मले पटलं.

शिवणवाली ताई (अमरावती)
मंग कंपनीनं ते बंद करूनच मोबाइल विकावा, ज्याले वावरासाठी पाहिजे तो चालू करून घेईन. आमच्यासारखीनं काहून शोधत बसावं सेटिंग?

बफरकाठचा (चंद्रपूर)
ताई, हेच म्हणतो मी. नाल्याचं सांगतो, वनरक्षक 4 दिवस तिथं उभे होते, पाचव्या दिवशी वाघिणीनं पिल्लं तिथून हलवली. कुठं नेली ते समजलं नाही. आमच्या बाया त्या बाजूले अजून जात नाही, यंदाचा तिकडचा मोह तसाच झाडाखाली वाळला.